ताडपत्रीखालचं अरफज

अरफजचं बी हातात घेतलं तर ते बी वाटतच नाही. वाळलेलं फूलच असतं ते. उन्हाने करड्या झालेल्या झुडपावरून गळलेलं, वाटाण्याएवढं, खरखरीत, गवताची गाठ मारावी तसं. फुंकर मारली तर तळहातावरून उडून जातं. खरं बी त्याच्या आत चिकटून बसलेलं असतं आणि ते सोलून काढायचं नसतं. अख्खं फूलच पेरायचं असतं. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि विचारायला हवं हेसुद्धा सुचलं नाही, कारण मी शेतकऱ्याचा मुलगा. बियाण्यातलं मला कोणी काय सांगणार?

इथे आखातात, सुलैबियात, आमच्या कंपनीचं गोदाम आहे. पूर्वी तिथे फक्त रोपं, कुंड्या आणि खताच्या गोण्या असत. अलीकडे शेतांच्या कडेच्या पेरणीचं काम सुरू झालं. दक्षिणेला वफ्राकडे काकडी-टोमॅटोची शेतं आहेत. तिथे कुंपणालगत एक पट्टा नांगरायचा नाही, औषध मारायचं नाही, आणि त्यात इथलीच रानटी झाडं पेरायची, अशी ही योजना. वाळू अडते, मधमाश्या येतात, पाखरांना आसरा होतो. कोणत्या झाडाचं बी किती घ्यायचं ते आमचा मुहंदिस ठरवतो. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. हा इजिप्तचा, माझ्याहून बराच तरुण. मिश्रणात सर्वांत जास्त अरफज, त्याखालोखाल थुमाम नावाचं गवत आणि थोडी बारीक रानफुलं. हे सगळं ओलसर वाळूत कालवून पोत्यांत भरणं माझ्याकडे होतं. वाळू घातली नाही तर वाहतुकीच्या हादऱ्याने जड बी तळाला जातं, हलकं वर राहतं, आणि शेताच्या एका टोकाला एकच झाड उगवतं. हे काम मी मन लावून करायचो. गोदामातले पोरगे मला मागून 'खिचडीवाला' म्हणायचे, तेही मला आवडायचं.

बी आणायचे चाचा. रायगडच्या किनाऱ्यावरचे, माझ्याहून वयाने मोठे, आयुष्यभर इथल्या रस्त्यांवर पिकअप चालवलेले. वाळवंटात कुठली वाट कुठे फुटते हे त्यांना माहीत, म्हणून कंपनीने त्यांना बी गोळा करायच्या कामावर घेतलं होतं. उन्हाळा तापायला लागला की ते दोन कामगार घेऊन परवानगी मिळालेल्या, कुंपण घातलेल्या राखीव रानांत जात आणि झुडपांखालची गळलेली फुलं झाडूने लोटून पोत्यांत भरून आणत. झाडांचं त्यांना फारसं काही कळत नव्हतं. त्यांचं घराणं किराणा दुकानवाल्यांचं. "मी साखर ओळखतो, मीठ ओळखतो. हे काय ते तूच बघ," असं म्हणून ते पोतं माझ्यासमोर टाकत. जलीबला आम्ही एकाच खोलीत राहायचो. आणखी चौघं होते, पण चुलीवर आमची दोघांची भागी. ते मासे करायचे, मी भात.

चाचांच्या पोत्यांत बीबरोबर वाळू, काटक्या, मेंढ्यांच्या लेंड्या असं सगळं यायचं. पेरणीआधी वफ्राचा शेतमालक गोदामात आला. म्हातारा माणूस, काठीवर रेलून उभा. त्याला लहानपणीचं अरफज हवं होतं. त्याची आई त्याच्या काटक्यांवर चहा करायची म्हणे, आणि शेताच्या कडेला तो वास पुन्हा यावा एवढीच त्याची इच्छा. पोत्यात हात घालून त्याने मूठभर बाहेर काढलं आणि मुहंदिसाला विचारलं, "मी झाडं मागितली होती. हा भुसा कशाला?"

मुहंदिस ओशाळला. मालक गेल्यावर त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत मला म्हणाला, "ये सब साफ करो. अगला हफ्ता मैं छुट्टी पे. वापस आने से पहले साफ, मिक्स, खलास." कसं साफ करायचं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्याकडे भाताचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात. वडील मोठ्या घंगाळात मीठ विरघळवायचे, भात ओतायचे आणि हाताने ढवळायचे. भरलेला दाणा तळाला बसतो, पोचट वर तरंगतो. तरंगलेलं चाळणीने काढून टाकायचं, बसलेलं दोनदा गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचं. माझ्या डोक्यात ते घंगाळ इतकं स्पष्ट होतं की दुसरं काही आलंच नाही. गोदामातली दोन निळी पिंपं घेतली, मिठाची गोणी आणवली आणि पोती उपडी करायला लागलो.

अरफज सगळंच्या सगळं वर आलं. पिंपावर साय धरावी तशी करडी फुलं जमली. थुमामचं बरंचसं कोंड्यासकट त्यांच्यातच अडकलं. तळाला गेले ते वाळूचे कण, खडे आणि काही टणक काळपट बिया.

चाचा कठड्याला टेकून चहा पीत होते. "काय रे भाऊ, सगळंच तरंगतंय की."

"पोचट आहे, चाचा. उन्हाळाभर झाडाखाली पडलेलं."

"मग मी दोन महिने पोचट गोळा करत होतो?" ते हसत म्हणाले.

"तसं नाही. दहा पोत्यांतलं खरं बी पोतंभरच निघतं. आमच्याकडे भाताचं असंच असतं."

"बरं बाबा. तू शेतकरी, तुला माहीत."

हे वाक्य त्यांनी हसत म्हटलं होतं. मी आजवर ते कितीदा ऐकलंय, मनातल्या मनात.

तरंगलेलं सगळं मी चाळणीने काढलं आणि गोदामाच्या मागे, फुटक्या कुंड्यांच्या ढिगाशेजारी वाळूवर ओतलं. तळाचं धुतलं, वाळवलं, चाळून खडे काढले. बी इतकं कमी भरलं की वफ्राच्या आणि पुढच्या एका शेताच्या पट्ट्यांना पुरेना, म्हणून वाळू जास्त घातली. मुहंदिस सुट्टीवरून आला तेव्हा पोती शिवून तयार होती, स्वच्छ, एकसारखी, हात घातला तर गार. त्याने एक उघडून पाहिलं, "मुमताज," म्हणजे उत्तम, असं म्हणाला आणि पुढे गेला. मी कसं साफ केलं हे त्याने विचारलं नाही. मला सांगावंसं वाटलं होतं, शाबासकीसाठी. सांगितलं असतं तर पेरणी तरी थांबली असती.

यंदा पाऊस वेळेवर झाला. थंडी पडायच्या सुमाराला दोन चांगल्या सरी आल्या, मग आणखी एक. राखीव कुंपणांच्या आतलं वाळवंट हिरवट दिसायला लागलं. वफ्राच्या पट्ट्यात मात्र खुब्बेज उगवली. खुब्बेज म्हणजे इथली रानभाजी, गोल पानांची. ती कोणी पेरत नाही, कचऱ्याच्या कडेलाही उगवते. त्या टणक काळपट बिया तिच्याच होत्या. म्हाताऱ्याच्या शेताच्या कडेला ती सरळ ओळीत, नेमक्या अंतराने उगवली. मी वाळू इतकी छान कालवली होती ना.

म्हातारा चिडला नाही. मुहंदिसाने मला नंतर सांगितलं, तो फक्त एवढंच म्हणाला, की भाजी त्याच्याकडे आधीच होती.

कंपनीत मात्र प्रश्न निघाला. अरफज का उगवलं नाही? मुहंदिसाने उत्तर शोधलं ते त्याच्या दृष्टीने सरळ होतं. पाऊस ठीक, जमीन ठीक, मिश्रण स्वच्छ, म्हणजे बीच मेलेलं. जुनं असेल, नाहीतर भलत्या ठिकाणाहून लोटून आणलेलं. बी कोणी आणलं? चाचांनी. ऑफिसातून चाचांना सांगण्यात आलं की इक़ामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतोय तो यंदा पुढे जाणार नाही. कॅन्सल करून गावी पाठवणार.

त्या संध्याकाळी खोलीवर त्यांनी मासे केले नाहीत. अंड्याचं काहीतरी केलं, रोटीसारखा इथला खुबूस आणला होता, आणि आम्ही दोघं बिछान्यावर वर्तमानपत्र पसरून बसलो.

"जायचं तर जायचंच कधीतरी," चाचा म्हणाले. "पण असं? रस्त्याकडेचा कचरा भरून आणला म्हणतात. मी सकाळी अंधारात निघायचो, भाऊ. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"बी ताजं होतं ना?"

"ताजं होतं, चाचा."

"मग तू सांग मुहंदिसाला. माझं तो ऐकत नाय. मी ड्रायव्हर. तू शेतीतला माणूस."

"सांगतो," मी म्हटलं.

आणि सांगितलंही. दुसऱ्या दिवशी मुहंदिसाच्या टेबलासमोर उभा राहून म्हटलं की चाचांचं बी ताजं होतं, मी स्वतः पाहिलंय. त्याने विचारलं, "फिर क्यूं नहीं निकला?" मी खांदे उडवले. म्हटलं, रेती का कुछ भरोसा नहीं. त्या क्षणापर्यंत मला नक्की कळलेलं नव्हतं, पण शंका आली होती. शंका असताना मी खांदे उडवले. त्याला खोटं म्हणता येणार नाही, आणि मी तेव्हा स्वतःला हेच बजावत होतो.

गावी धाकट्या भावाला फोन केला. शेती तो करतो. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, रानातलं बी मिठाच्या पाण्यात टाकलं तर चालतं का?

"कसलं रानातलं?"

"एक झुडूप आहे. वाळलेलं फूलच असतं, त्याच्या आत बी."

"मग ते बुडेल कसं? भात बुडतं कारण आत तांदूळ भरलेला असतो." तो हसायला लागला. "दादा, तू भात शेवटचा कधी भिजवलास रे?"

कधीच नाही. मी फक्त वडिलांना पाहिलं होतं. मिसरूड फुटायच्या वयात मी मुंबईला गेलो, तिथून इथे. घंगाळात हात घालून ढवळायचं काम त्यांनी मला दिलंच नव्हतं, आणि मी मागितलंही नव्हतं. ते एवढं स्पष्ट चित्र कडेला उभं राहून बघणाऱ्या मुलाचं होतं.

फोन ठेवल्यावर मी गोदामाच्या मागे गेलो. त्या बाजूला कोणी जात नाही. फुटक्या कुंड्यांशेजारी, मी जिथे तरंगलेलं ओतलं होतं तिथे, जमीन दिसत नव्हती. बोटाच्या पेराएवढी रोपं, करड्या-हिरव्या अरुंद पानांची, एकमेकांत घुसलेली. वाळूवर लव फुटावी तशी. पावसाने मीठ धुऊन नेलं होतं आणि पोचट म्हणून टाकलेलं सगळं उगवलं होतं.

मी खाली बसलो. एक रोप उपटलं. त्याच्या मुळाशी अजून ते वाळलेलं फूल होतं, घट्ट धरलेलं.

आत जाऊन मुहंदिसाला बोलवायला हवं होतं. गोदामाच्या दारापासून त्याची केबिन हाकेच्या अंतरावर आहे. मी आत गेलो आणि जुनी निळी ताडपत्री घेऊन बाहेर आलो. रोपांवर पसरली. चारी बाजूंनी फुटक्या कुंड्यांचे तुकडे ठेवले. एका कडेला ती पुरली नाही, तिथली थोडी रोपं उघडीच राहिली. मी म्हटलं, नीट विचार करू, मग सांगू. उद्या. मुहंदिस जरा निवांत असेल तेव्हा. कारणं मला भराभर सुचत होती. ज्या माणसाला दुसऱ्याच्या बाजूने दोन वाक्यं सुचत नाहीत, त्याला स्वतःसाठी केवढं सुचतं.

त्यानंतरचे दिवस मी रोज खोलीवर चाचांच्या समोर जेवलो. त्यांनी हळूहळू सामान वाटायला काढलं होतं. प्रेशर कुकर शेजारच्या खोलीतल्या मलबाऱ्याला दिला, ब्लँकेट एका नव्या पोराला. मला म्हणाले, "मासे कापायची सुरी तू ठेव. तुला मासे करता येत नाहीत, पण सुरी तरी चांगली असू दे." मी सुरी घेतली.

एकदा नमाजावरून आल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "भाऊ, मला वाटतं चूक माझीच असेल. ती पोती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती ना उन्हात. उकडून मेलं असेल आतलं बी. मी काय शेतकरी नाय. उगाच मुहंदिसावर राग धरला."

मी पाणी प्यायला उठलो.

मग वारा सुटला. थंडीतही इथे मधूनच असा वारा येतो की गोदामाचे पत्रे वाजतात. सकाळी मी आत दुसऱ्या शेताची पोती मोजत होतो. तीही त्याच पिंपांतून निघालेली, त्याच मिठाची, पुढच्या पावसाआधी जायची होती, पण बी मेलेलं ठरल्यावर थांबवलेली. मागून चाचांचा आवाज आला. इतका मोठा की मला वाटलं कोणाला लागलं.

"भाऊ! अरे भाऊ, इकडे ये! बघ, बघ काय ते!"

ताडपत्री उडून कुंपणाला जाऊन अडकली होती. चाचा रोपांसमोर गुडघ्यांवर बसले होते आणि हसत होते. "अरफज हाय ना हे? तूच सांग. हे माझंच बी ना? जिवंत होतं, बघ! मी बोलत नव्हतो?"

त्यांचा आवाज ऐकून मुहंदिसही आला. वाकून त्याने पानं पाहिली, एक चुरगाळून वास घेतला. "अरफज," तो म्हणाला. "इधर कैसे आया?"

"पोतं फाटलं असेल उतरवताना," चाचाच त्याला हिंदीत म्हणाले. "सांडलं असेल थोडं. उगवलं बघा!"

मुहंदिसाने मान डोलावली. "ठीक. मतलब बीज अच्छा था. फिर वफ्रा में जमीन का प्रॉब्लेम." तो वळला. जाता जाता चाचांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, ऑफिस को बोलता हूं.

सगळं सुटलं होतं. चाचांचं काम राहणार होतं, माझंही. कोणी मला काही विचारलं नव्हतं. फक्त आत ती पोती होती, गार, स्वच्छ, खुब्बेजने भरलेली, आणि ती आता दुसऱ्या कोणाच्या तरी शेताच्या कडेला जाणार होती. तिथेही काही उगवणार नव्हतं, आणि तेव्हा पुन्हा विचारणार होते, बी कोणी आणलं?

"पोतं फाटलं नाही," मी म्हटलं. "मी टाकलं. पोचट समजून."

मग मी सगळं सांगितलं. पिंपं, मीठ, चाळणी. मराठीत सुरू केलं, मध्येच हिंदीत गेलो, पुन्हा मराठीत आलो. मुहंदिस आधी समजलाच नाही. समजल्यावर त्याने डोक्याला हात लावला आणि विचारलं, "सॉल्ट? तुमने सॉल्ट डाला?" तो ओरडला नाही. बहुतेक त्याला आठवलं असावं की कसं साफ करायचं हे त्यानेही सांगितलं नव्हतं. "अंदर की सब बोरी बंद," म्हणाला. "कुछ नहीं जाएगा." आणि निघून गेला.

चाचा तसेच गुडघ्यांवर होते. मातीचा हात पँटला पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला कळलं कधी?"

"थोडे दिवस झाले."

"थोडे दिवस," ते म्हणाले. "मी अल्लाकडे माफी मागत होतो, भाऊ. त्या शेडमध्ये पोती ठेवली म्हणून."

ते उठले, कुंपणाजवळ गेले, ताडपत्री सोडवली, तिची घडी घातली. घडी घालताना पाठ माझ्याकडे होती. मग वळून, मुहंदिसाच्या केबिनकडे एकदा पाहून, ते म्हणाले, "रात्री गारठा असतो. रोपांना लागू नये म्हणून टाकली असशील ही. बरं केलंस."

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही' पण म्हटलं नाही.

चाचांचा इक़ामा पुढे गेला. माझ्याकडून मिश्रणाचं काम काढलं. मी आता रोपवाटिकेत पाणी घालतो, आणि ते योग्यच आहे. म्हाताऱ्याला मुहंदिसाने पुढच्या थंडीचा शब्द दिलाय. तोवर त्याच्या शेताच्या कडेला खुब्बेज वाळून जाईल. पुढच्या थंडीला तो असेल ना, हा विचार माझ्या मनात येतो आणि मी नळ बंद करून दुसऱ्या वाफ्याकडे जातो.

गोदामामागची रोपं ताडपत्रीखाली पिवळी पडली होती. मधली बहुतेक मेली. वाचली ती कडेची, जिथे ताडपत्री पुरली नव्हती. चाचांनी त्यांच्याभोवती फुटक्या कुंड्यांचं कुंपण केलंय आणि ते रोज तांब्याभर पाणी घालतात, माझ्याकडून मागून.

खोलीवर आता पुन्हा मासे होतात. सुरी मी परत दिली, त्यांनी घेतली. कुकर मात्र मलबाऱ्याकडेच राहिला. परवा त्यांच्या गावचा एक माणूस फहाहीलहून जेवायला आला होता. चाचांनी त्याला अरफजची सगळी गोष्ट सांगितली. मिठाचा भाग त्यांनी विनोद करून सांगितला, मी शेतकरी कसा ते, आणि सगळे हसले, मीही. मग ते म्हणाले, "पण वाचलं जे काही, ते भाऊमुळे. थंडीत रोपांवर ताडपत्री घातली होती यानं."

त्या माणसाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

त्यांना खरंच तसं वाटतं, की ते मला झाकतात, हे मला अजून कळलेलं नाही. पाहुणा हात धुवायला उठला तेव्हा मी हळू आवाजात म्हटलं, "चाचा, ती ताडपत्री मी थंडीसाठी—"

त्यांनी माझ्या ताटात माशाचा तुकडा वाढला. काटा काढलेला.

"जेव," ते म्हणाले.